टीव्हीवर बघून केलेला स्वयंपाक : वेळ, माप आणि तिखट जुळत नाही

नवी शेगडी (टिळकवाडी, बेळगाव)

नमस्कार मंडळी. टीव्हीवरचे पाककृतींचे कार्यक्रम बघून स्वयंपाक शिकायला घेतलाय. मराठी आणि कन्नड, दोन्ही चॅनेल बघते. कृती वहीत उतरवते, सामान तेच आणते, तरी चार ठिकाणी अडतंय.

एक, वेळ. पनीरची ग्रेव्ही पडद्यावर दहा-बारा मिनिटांत होते, घरी पाऊण तास लागतो. घाई केली तर कच्च्या कांद्याचा वास राहतो.
दोन, माप. ते कप आणि टेबलस्पून म्हणतात, घरात आमटीची वाटी आणि चहाचा चमचा.
तीन, तिखट. तिथं काश्मिरी मिरची पावडर २ चमचे सांगतात. घरी वर्षाची कांदा-लसूण घातलेली चटणी आणि ब्याडगी मिरचीची पूड आहे. कुठली किती घालायची?
चार, कन्नड कार्यक्रमातले शब्द. बोलणं समजतं, पण चुलीपाशी अडतं. 'शुंठी' ऐकून सारात सुंठपूड घातली आणि सार खाण्यासारखं राहिलं नाही.

घरात दोन बर्नरची शेगडी, तीन लिटरचा कुकर, ॲल्युमिनियमची कढई, लोखंडी तवा आणि मिक्सर आहे. माणसं चार. कार्यक्रम बघताना वहीत नेमकं काय टिपायचं आणि सुरुवात कशापासून करायची, ते जाणकारांनी सांगावं.

---

मोठी कढई (शहापूर)

ताई, वेळेचं आधी सांगतो, कारण बाकीच्या निम्म्या चुका तिथूनच होतात.

कांद्यात जवळजवळ नव्वद टक्के पाणी असतं. चार माणसांच्या ग्रेव्हीला ४०० ग्रॅम कांदा घेतला तर त्यातलं साडेतीनशे मिलिलिटरच्या आसपास पाणी असतं आणि त्यातलं बहुतेक कढईतून वाफ होऊन जावं लागतं. ते जाईपर्यंत कांदा शंभर अंशांच्या आसपासच अडकून राहतो, आणि त्या तापमानाला तो मऊ होतो, लाल होत नाही. घरच्या मोठ्या बर्नरवर याला १८ ते २५ मिनिटं लागतात. पडद्यावर कांदा टाकला, निवेदिकेनं पाहुण्यांना एक प्रश्न विचारला, कॅमेरा परत वळला की कांदा सोनेरी. मधली वीस मिनिटं कापलेली असतात. पुष्कळदा तर परतलेला कांदा दुसऱ्या कढईत आधीच तयार असतो.

म्हणून वहीत मिनिटं लिहूच नका, खूण लिहा. कॅमेरा कढईवरून हलला की समासात 'कट' असं लिहायचं. परत कढई दिसली की तीन गोष्टी टिपायच्या: रंग कसा झाला, ऐवज किती बसला (कट होण्याआधी कढई निम्मी भरलेली होती, आता पाव आहे, असं), आणि तेल कुठं आहे. या तीन नोंदींवरून मधे किती पाणी गेलं ते कळतं, आणि घरी तेवढं पाणी जाईपर्यंत थांबायचं.

आवाजही ऐका. कांद्यात पाणी असेतो कढई सतत चरचरते. पाणी संपत आलं की आवाज बारीक होतो, तुटक तुटक येतो. इथून पुढं दोन-तीन मिनिटांत कांदा करपतो, तेव्हा आच मध्यम करून उलथणं हातात ठेवायचं.

४०० ग्रॅम कांद्याला ४ टेबलस्पून तेल लागतं. कांदा सारखा पातळ चिरलेला हवा. जाड-बारीक मिसळलेला असला की बारीक करपतो तेव्हा जाड कच्चा असतो. सुरुवातीलाच पाव चमचा मीठ टाका, पाणी लवकर सुटतं. झाकण ठेवू नका, वाफ परत आत पडते. पहिली सात-आठ मिनिटं मोठी आच, मग मध्यम. तळाला तपकिरी थर धरायला लागला तर एक टेबलस्पून पाणी शिंपडून खरवडून घ्या. तो थर म्हणजे चव आहे. काळा झाला तर मात्र कढई बदला.

आलं-लसूण वाटण कांदा सोनेरी झाल्यावर घालायचं. आधी घातलं तर त्यातलं पाणी कांद्याला परत मऊ करतं आणि लसूण तळाला चिकटतो. वाटण २ मिनिटं, नुसता उग्र वास जाईपर्यंत. मग टोमॅटो, ४०० ग्रॅम कांद्याला २५० ग्रॅम. टोमॅटोतही पाणीच, त्यामुळे आणखी १० ते १२ मिनिटं. घरी कच्चा वास राहतो तो बहुतेक वेळा या टप्प्यावर उतरवल्यामुळे.

"तेल सुटेपर्यंत परता" हे वाक्य सगळ्या कार्यक्रमांत येतं. स्टुडिओत तेल सढळ असतं म्हणून ते सुटलेलं दिसतं. तुम्ही २ टेबलस्पूनच घातलं असेल तर ते बाजूला दिसणारच नाही, आणि दिसेल म्हणून परतत बसलात तर मसाला जळेल. कमी तेलात खूण वेगळी: उलथणं मधून ओढलं की कढईचा तळ स्वच्छ दिसतो आणि मसाला लगेच परत पसरत नाही.

कुठला कार्यक्रम बघायचा, त्याबद्दल माझं स्पष्ट मत: 'आम्ही सारे खवय्ये'सारख्या, घरातली माणसं येऊन रांधतात त्या कार्यक्रमांतून आधी शिका. भांडी, आच, प्रमाण घरचं असतं. हॉटेलच्या शेफचे भाग चिरण्याची पद्धत, वाटणाचा पोत, परतण्याचा हात यासाठी बघा. १९९३ साली झी टीव्हीवर 'खाना खजाना' सुरू झाला तेव्हा भाग एकदा गेला की गेला. आता बऱ्याच कार्यक्रमांचे भाग चॅनेलच्या ॲपवर किंवा यूट्यूबवर मिळतात. पहिल्यांदा वही न उघडता पूर्ण बघा, दुसऱ्यांदा थांबवत थांबवत लिहा.

---

तोळामासा (निपाणी)

मापाचं सोपं आहे, एकदाच अर्धा तास घालवायचा.

कार्यक्रमातला कप म्हणजे २४० मिलिलिटर, टेबलस्पून १५, टीस्पून ५. घरातली आमटीची वाटी साधारण दीडशेची असते, पण दुकानाप्रमाणं बदलते, म्हणून आपली वाटी मोजून घ्या. औषधाच्या बाटलीवर ५ आणि १० मिलिलिटरच्या रेघा असलेलं छोटं टोपण येतं. ते धुऊन त्यानं पाणी मोजत चहाचा चमचा, पोह्याचा चमचा, पळी भरून बघा. वाटीला मात्र अर्ध्या लिटरची दुधाची पिशवी वापरा: दूध वाटीनं मोजत पातेल्यात ओता, किती वाट्या झाल्या ते बघा. ३ वाट्या आणि वर थोडं उरलं तर वाटी १५०-१६० ची. आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

वाटी १५० ची असेल तर १ कप म्हणजे १ वाटी आणि वर सहा टेबलस्पून, थोडक्यात दीड वाटीपेक्षा जरा जास्त. भाजी-आमटीला दीड वाटीच धरा, काही बिघडत नाही. ढोकळा, केक, चकली यांना हा ढिलेपणा चालत नाही.

कोरड्या जिनसांत फसगत वेगळी होते. २४० च्या कपात साखर २०० ग्रॅम मावते, कणीक १२० ते १३०, बेसन ९० ते १००. बेसन चाळून घेतलं की हलकं, डब्यातून कप खुपसून घेतलं की दाबलेलं. एकाच कपात वीस-पंचवीस ग्रॅमचा फरक पडतो. ढोकळा बसण्याचं हे नेहमीचं कारण. पीठ चमच्यानं कपात सोडायचं आणि सुरीच्या पाठीनं सपाट करायचं. शक्य असेल तर स्वयंपाकघरातला छोटा डिजिटल काटा घ्या, मग कपाची कटकटच राहत नाही.

मीठ "चवीनुसार" सांगतात, त्यात नवशिक्याला काहीच कळत नाही. धरून चालायचा आकडा: शिजून तयार झालेल्या भाजी-आमटीच्या वजनाच्या एक टक्क्याच्या आसपास. चार माणसांची ग्रेव्ही ८०० ग्रॅम भरली तर ८ ग्रॅम, म्हणजे बारीक मिठाचा सपाट सव्वा ते दीड टीस्पून. आधी एक टीस्पून घाला, उतरवण्याच्या दोन मिनिटं आधी चाखा, मग उरलेलं. आटवायच्या पदार्थात मीठ शेवटी, कारण पाणी जातं आणि मीठ तेवढंच राहतं.

भांड्याचा आकारही माप आहे, हे लक्षात घ्या. पडद्यावर कढई रुंद दिसली आणि तुम्ही उभ्या पातेल्यात केलंत तर पाणी निम्म्या वेगानं आटतं, आणि मग माप बरोबर असूनही रस्सा पातळ राहतो.

---

संकेश्वरी (हुक्केरी तालुका)

तिखटाचं इथलं गणित वेगळं आहे, ते मुंबईच्या स्टुडिओतल्या चमच्यानं सुटत नाही.

काश्मिरी पावडर घालतात ती रंगासाठी. तिची जागा ब्याडगी सरळ घेते, चमच्याला चमचा. ब्याडगी ही हावेरी जिल्ह्यातल्या त्या गावच्या नावानं ओळखली जाणारी मिरची, २०११ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं. सालीला सुरकुत्या, रंग गडद, तिखटपणा कमी. बाजारात दोन प्रकार मागायला येतात: डब्बी, आखूड आणि फुगीर, रंगाला सगळ्यात चांगली, आणि कड्डी, लांब आणि बारीक. ग्रेव्हीला डब्बी घ्या. पुडीपेक्षा चांगला रंग हवा तर ८-१० सुक्या मिरच्या बिया काढून कोमट पाण्यात २० मिनिटं भिजवा, वाटा, गाळणीतून घासून घ्या. चार माणसांना ते २-३ टेबलस्पून पुरतं.

आमची संकेश्वरी मिरची तिखट असते. २ टीस्पून काश्मिरीच्या जागी २ टीस्पून संकेश्वरी घातली तर ताट उष्टं राहील. दीड टीस्पून ब्याडगी आणि पाव ते अर्धा टीस्पून संकेश्वरी, एवढ्यानं रंग आणि तिखट दोन्ही जमतं.

आता घरची चटणी. मुंबई-पुण्याकडच्या कार्यक्रमात चटणी म्हटलं की ओली-सुकी तोंडी लावणी. आपल्याकडे चटणी म्हणजे वर्षाचा साठवणीचा मसाला. त्यात मिरचीबरोबर धने, तीळ, खोबरं, लवंग-दालचिनी, लसूण, तळलेला कांदा आणि बहुतेक घरांत मीठही असतं. त्यामुळे ती वापरली की कृतीतून तीन गोष्टी वजा करायच्या: गरम मसाला पूर्ण काढायचा, धनेपूड निम्मी, आणि मीठ एका टीस्पूनऐवजी पाऊण टीस्पूननं सुरू करायचं. चार माणसांच्या रश्श्याला १ टेबलस्पून चटणी पुरे.

घालायची वेळही बदलते. मिरची पूड गरम तेलात दहा सेकंद चालते, गॅस बंद करून घातली तर आणखी बरं. चटणीत कांदा, लसूण आणि खोबरं आहे, ती तडतडत्या तेलात लगेच काळी पडून कडू होते. टोमॅटो शिजल्यावर घाला, किंवा दोन टेबलस्पून पाण्यात कालवून सोडा.

एक सांगायचंच आहे: पनीर-बटर छापाच्या ग्रेव्हीत चटणी घालूच नका. लोणी-साय आणि कांदा-लसणाचा मसाला एकमेकांना मारतात. तिथं नुसती ब्याडगी. चटणी अख्खा मसूर, वांगं, मटकी, अंडी, मटण याच्यासाठी राखा.

खोबऱ्याचंही असंच. किनारपट्टीचे पाहुणे ओलं खोबरं सांगतात. सुकं घालणार असाल तर प्रमाण निम्मं, मंद आचेवर तांबूस भाजून, आणि वाटताना पाणी वेगळं घालायचं, कारण ओल्यातलं पाणी आणि दूध यात नाही.

---

फोडणीचा डबा (खानापूर)

कन्नड शब्दांचं मी घेते. झी कन्नडवर 'ओग्गरणे डब्बी' नावाचा कार्यक्रम होता. ओग्गरणे म्हणजे फोडणी, डब्बी म्हणजे डबा. नाव कळलं की निम्मं घर आपलंच वाटतं. स्टार सुवर्णवरचा 'बोंबाट भोजना'ही इथं पुष्कळ घरांत बघतात.

आधी जिथं खरोखर पदार्थ बिघडतो ते शब्द. कन्नडमध्ये 'शुंठी' म्हणजे ओलं आलं. सुंठ हवी असेल तर ते 'ओण शुंठी' म्हणतात, ओण म्हणजे सुकं. 'मेणसु' म्हणजे काळे मिरे आणि 'मेणसिनकाई' म्हणजे मिरची. घाईत दोन्ही सारखंच ऐकू येतं, आणि एक चमचा मिऱ्यांच्या जागी चमचाभर तिखट गेलं की संपलं. 'हसी मेणसिनकाई' हिरवी, 'ओण मेणसिनकाई' सुकी लाल. 'कोत्तंबरी सोप्पु' कोथिंबीर, 'कोत्तंबरी बीज' किंवा 'काळु' म्हणजे धने. नुसतं कोत्तंबरी म्हटलं तर पडद्यावर बघूनच ठरवायचं. 'कायि तुरि' हे खवलेलं ओलं खोबरं आणि 'कोब्बरी' हे सुकं. मराठी कानाला कोब्बरी म्हणजे कुठलंही खोबरं वाटतं, तसं नाही.

दुसरा गोंधळ 'उरि' आणि 'हुरि'चा. उरि म्हणजे आच, हुरि म्हणजे भाज. "सण्ण उरियल्लि हुरियिरि" म्हणजे मंद आचेवर भाजा. 'करियिरि' म्हणजे तळा, त्याचा करीशी संबंध नाही. 'बाडिसि' म्हणजे मऊ पडेपर्यंत परता, 'कुदिसि' म्हणजे उकळा, 'बेयिसि' म्हणजे शिजवा. हे तिन्ही वेगळे लिहा: "बेयिसि" म्हटलेल्या जागी नुसती उकळी आणून उतरवलं तर डाळ कच्ची राहणार. 'नेनेसि' भिजवा, 'रुब्बि' वाटा, 'हेच्चि' चिरा, 'कलसि' कालवा.

डाळींत तोगरी म्हणजे तूर, कडले म्हणजे हरभरा, उद्दु म्हणजे उडीद, हेसरु म्हणजे मूग. पुढं 'बेळे' लागलं की डाळ. ही दक्षिणेकडची बोली, आपल्याकडचे लोक 'ब्याळी' म्हणतात. तसंच कांद्याला बेंगळूरकडे ईरुळ्ळी आणि इथं उळ्ळागड्डी. फुटाण्याच्या डाळीला ते हुरिगडले म्हणतात. आपल्या बाजारात पुटाणी मागा, लगेच मिळेल.

मापात 'चिटिके' म्हणजे चिमूट, 'बट्टलु' वाटी, 'लोटा' म्हणजे साधारण २०० मिलिलिटरचा पेला. "निंबे गात्रद हुणसे हण्णु" म्हणजे लिंबाएवढी चिंच, २० ते २५ ग्रॅम. ती अर्धा पेला गरम पाण्यात १५ मिनिटं भिजवून कोळ काढायचा.

'हद' हा शब्द मात्र जपून ऐका. "ई हद बरबेकु" म्हणाले की नेमकी तीच अवस्था यायला हवी असते: पाकाची तार, पिठाचा सैलपणा, मसाल्याचा पोत. त्या क्षणी पेन खाली ठेवून पडद्याकडे बघा.

चवीचं एक: म्हैसूर-बेंगळूरच्या सारात आणि हुळीत (सांबारासारखी आमटी) गूळ असतो. तो वगळला तर चिंचेचं प्रमाणही कमी करा, नाहीतर नुसतं आंबट लागतं.

---

नवी शेगडी (टिळकवाडी, बेळगाव)

सगळ्यांचे मनापासून आभार. वाटी मोजली, १५५ ची निघाली. दोन गोष्टी राहिल्या. कुकरच्या शिट्ट्या प्रत्येक कार्यक्रमात वेगळ्या सांगतात, तूरडाळीला कुणी तीन तर कुणी सहा. आणि ज्वारीची भाकरी पडद्यावर टम्म फुगते, माझी कडेला फाटते. भाताचंही सांगा. शिवाय आपला दूध आटवून करतात तो कुंदा दहा मिनिटांत दाखवला, तो खरा का?

---

परात (चिकोडी)

शिट्ट्या मोजणं सोडा. शिट्टी किती वेळानं होते ते आच, कुकर किती भरलाय आणि शिट्टीचं वजन किती स्वच्छ आहे यावर ठरतं. मोठ्या आचेवर सहा शिट्ट्या पाच मिनिटांत होतील, बारीक आचेवर तीनला बारा मिनिटं लागतील. पहिली शिट्टी झाली की आच मंद करा आणि घड्याळ लावा. १ वाटी तूरडाळ अर्धा तास भिजवलेली, ३ वाट्या पाणी, हळद, एक चमचा तेल: मंद आचेवर ८ ते १० मिनिटं, मग दाब आपोआप उतरू द्या. तेलानं फेस कमी येतो आणि शिट्टीतून पिवळं पाणी उडत नाही. डाळीला कुकर निम्म्यापेक्षा जास्त भरायचा नाही. चिंच, आमसूल, टोमॅटो डाळ शिजल्यावरच. आंबटात डाळ मऊ होत नाही, कितीही शिट्ट्या दिल्या तरी.

उघड्या पातेल्यात शिजवत असाल तर आणखी एक. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास आहे. इथं पाणी ९७-९८ अंशांनाच उकळतं, त्यामुळे मुंबईच्या स्टुडिओत सांगितलेल्या वेळेपेक्षा डाळ-कडधान्याला थोडा जास्त वेळ लागतो. कुकरमध्ये हा फरक जाणवत नाही.

भाताचं थोडक्यात: पुलावाची कृती लांब जुन्या बासमतीची असते. खानापूरकडचा इंद्रायणी त्याच पाण्यात केला तर गोळा होतो. न भिजवता, १ वाटीला दीड वाटी पाणी, आणि शिजल्यावर लगेच परातीत पसरायचा.

भाकरी. ज्वारीत गव्हासारखा चिकटा नाही, तिला धरून ठेवतं ते गरम पाणी. उकळतं पाणी पडलं की पिठातला थोडा स्टार्च शिजून चिकट होतो. २ वाट्या पिठाला साधारण दीड वाटी पाणी, एकदम सगळं नाही. उलथण्यानं कालवा, हाताला सोसवेल इतपत निवलं की एका भाकरीपुरतं पीठ घेऊन तळहाताच्या टाचेनं दोन-तीन मिनिटं रगडून मळा. सगळं एकदम मळून ठेवलं तर शेवटच्या गोळ्यापर्यंत पीठ सुकतं आणि कडा फाटतात. तुमचं कारण बहुधा हेच. दुसरं कारण जुनं पीठ. दळून पंधरा-वीस दिवस झाले की पिठाची विरी (चिकटपणा) जाते, मग हात कितीही चांगला असो. ज्वारी थोडी थोडी दळून आणा.

थापताना कडेनं बोटं फिरवा, मध्यावर जोर नको. तवा चांगला तापलेला हवा. पिठाची बाजू वर ठेवून टाका, लगेच पाण्याचा हात सगळीकडे फिरवा. पाणी सुकत आलं पण वरचा भाग अजून ओलसर आहे, अशा वेळी उलटायची, साधारण अर्ध्या मिनिटात. पूर्ण सुकू दिलं तर भेगा पडतात, फार लवकर उलटली तर चिकटते. दुसरी बाजू दीड मिनिट, मग भाकरी सरळ आचेवर. भेग असली की वाफ तिथून निघून जाते आणि फुगत नाही. कार्यक्रमात हे उलटणं बहुतेक वेळा कापलेलं असतं, म्हणून नुसतं बघून भाकरी येत नाही.

सुरुवातीला पिठलं घ्या. वीस मिनिटांत होतं, फोडणी, गुठळी आणि पाण्याचं प्रमाण तिन्ही शिकवतं, आणि बिघडलं तरी अर्धी वाटी बेसनच जातं.

---

मोठी कढई (शहापूर)

पिठल्याला माझीही संमती. आता कुंद्याचं. दहा मिनिटांचा कुंदा होतो तो दूध पावडर किंवा कंडेन्स्ड मिल्क घालून. त्यातलं पाणी कारखान्यातच गेलेलं असतं. चव बरी येते, पण बेळगावच्या कुंद्याचा दाणा आणि खरपूस वास येत नाही.

दुधातला कुंदा म्हणजे कांद्याचंच गणित, फक्त पाणी दुप्पट. १ लिटर म्हशीच्या दुधातून पाऊण लिटरहून जास्त पाणी जावं लागतं. २६-२८ सेंटिमीटर रुंदीची जाड बुडाची कढई हवी. पातळ ॲल्युमिनियमची असेल तर आच सतत मध्यमच्या खाली. उकळी आल्यावर कडेची साय आत खरवडत, तळ घासत २५ मिनिटांत दूध निम्मं करा. मग २ टेबलस्पून किंचित आंबट दही फेटून घाला. दाणा पडतो. तीनपेक्षा जास्त घातलं तर दूध फाटून रबरासारख्या गुठळ्या होतात. आणखी १५ मिनिटं आटवा.

साखर १२० ग्रॅम. त्यातली ४० ग्रॅम वेगळ्या छोट्या कढईत, पाणी न घालता, मंद आचेवर ४-५ मिनिटं वितळवा. तांब्याचा रंग आला की लगेच दुधात ओता. धूर दिसेपर्यंत ठेवली तर कुंदा कडू होणार. ओतताना जोरात फसफसतं, हात लांब ठेवा, आणि साखरेचा खडा झाला तरी घाबरू नका, दोन मिनिटांत विरघळतो. मग उरलेली ८० ग्रॅम साखर. मिश्रण पुन्हा सैल होतं, ते अपेक्षितच आहे. १० ते १५ मिनिटांत गोळा कढई सोडायला लागतो. एक चमचा तूप, वेलदोड्याची पूड. ३०० ते ३५० ग्रॅम कुंदा मिळतो, सगळा मिळून तास लागतो.

निवताना तो बराच घट्ट होतो. म्हणून कढईत शिऱ्यापेक्षा थोडा सैल दिसत असतानाच गॅस बंद करा.